वरच्या पाण्यातले झेब्रे

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. आईची तब्येत आहे तशीच आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी चांगली.

टाकी न फुटता पोचली हे वाचून जीव भांड्यात पडला. ट्रकवाल्याला मी बजावलं होतं की वाटलं तर स्वतःचं डोकं आपट, पण काच आपटू नकोस. नव्या घरात तुमच्याकडे दोन गाद्या, एक टेबल, तुझा टाइपरायटर आणि ही टाकी, एवढंच सामान आहे म्हणतेस. पुष्कळ झालं. त्या घरातून तुम्ही दोघी मायलेकी धड बाहेर पडलात, बाकी सामान गेलं खड्ड्यात.

आता मुद्द्याचं. टाकीतलं पाणी मुरलं असेल, तेव्हा मासे आणायला हरकत नाही. पण दुकानदाराचं ऐकायचं नाही. दुकानदार मासे विकतो, मी मासे जगवतो. मागच्या खोलीत माझ्या अकरा टाक्या आहेत आणि एकाही माशाचं शिक्षण मी कुठल्या कॉलेजात घेतलेलं नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली आणि मेलेले मासे मोजले, तेव्हा कळलं.

तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात सगळी दुनिया मावत नाही. सोनेरी मासा आणू नकोस. तो थंड पाण्याचा, खादाड, आणि घाण इतकी करतो की दोन फुटांत त्याला पाहुणा म्हणता येत नाही. फायटर एकटाच राहतो. गप्पीचं झुपकेदार शेपूट दिसलं की त्याला वाटतं दुसरा फायटर आला. एंजल दिसायला देखणा, पण मोठा झाला की निऑनसारखा चिमुकला मासा त्याच्या तोंडात मावतो, आणि जे तोंडात मावतं ते अन्न, एवढा एकच कायदा पाण्यात चालतो. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. काच चाटणारा काळा सकर दुकानात बोटाएवढा असतो, पुढे तुझ्या हाताएवढा होईल, मग त्याला ठेवशील कुठे, मोरीत?

तर, क्रिबेन्सिसची एक जोडी आण. नर लांबट, मादी ठेंगणी आणि पोटाला डाळिंबी रंगाची. बुजरे असतात, आडोसा लागतो. मातीची छोटी कुंडी आडवी ठेव, तीच त्यांची खोली. दुसरं काहीही आणू नकोस.

बिट्टी अजून फक्त तुझ्या कानाशीच कुजबुजते का? आठ वर्षांचं पोर, वर्गात सगळ्यात मोठ्यानं कविता म्हणायचं. मला विचार करवत नाही. तिला मासे बघू दे. त्यांना कुणी बोल म्हणत नाही.

माझा जीव तुमच्यापाशी आहे हे पत्रात लिहायची गरज नाही, तरी लिहितो.
तुझा
दादा

११ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. तुझ्या अकरा टाक्यांना आणि त्यांच्या हेडमास्तरांना नमस्कार.

मासे आणले. क्रिबेन्सिसची जोडी मिळाली, मादीचं पोट तू म्हणालास तसं डाळिंबी. पण दादा, आणखी सहा झेब्रे आणले. रागावू नकोस. दुकानात बिट्टी माझ्या पाठीमागे पदर धरून उभी होती. एकदम तिनं हात बाहेर काढला आणि बोट दाखवलं. अंगावर निळे पट्टे असलेले ते चिमुकले मासे वरच्या वर पळापळ करत होते. कितीतरी दिवसांनी तिनं काही तरी मागितलं रे. तिनं हत्ती मागितला असता तरी मी आणला असता.

टाकी खिडकीखालच्या टेबलावर आहे. बिट्टी तिच्यासमोर बसून असते. झेब्रे वर गोंधळ घालतात, जोडी खाली कुंडीच्या तोंडाशी येऊन बसते. वरच्या मजल्यावर एक शिलाईवाल्या बाई राहतात. त्यांची तीन पोरं म्हणजे मोठे झेब्रेच. दिवसभर जिन्यावर धाडधाड. परवा दारात येऊन मासे बघू का म्हणून विचारत होती. बिट्टी टेबलाखाली गेली, मी त्यांना नंतर या म्हटलं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. त्या घरी हे रात्री यायचे तेव्हा बेल वाजवायचे नाहीत. खिडकीच्या काचेवर अंगठी आपटायचे. टक टक टक. नुसत्या आवाजावरून आम्हाला कळायचं आज कसे आलेत. बिट्टीला माझ्या आधी कळायचं. आता इथे भांडं भांड्याला लागलं तरी ती थिजते. फोनचा नंबर यांनी कुठून तरी मिळवला, वाजवून वाजवून नुसता श्वास घ्यायचे. म्हणून मी तार काढून ठेवली आहे. तेव्हा तू पत्रच लिही.

आणि मुलगी मला द्या म्हणून यांनी कोर्टात अर्ज केलाय. म्हणे, आईनं पळवून नेली, पोर घाबरून मुकी झाली. काय बोलायचं.

आहे तसा लोभ राहू दे, झेब्र्यांसकट.
तुझी
ठकू

१५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद. झेब्र्यांना मात्र नाहीत.

अगं, मी काय लिहिलं होतं? दुसरं काहीही आणू नकोस. साध्या मराठीत लिहिलं होतं. झेब्रा हा वाईट मासा नाही, पण हुंदड आहे. पाण्याच्या वरच्या थरात तो दिवसभर शर्यती लावतो. खाली बुजरी जोडी. तुझ्या डोक्यावर कुणी दिवसभर लेझीम खेळलं तर तुला झोप येईल का? जोडी तणावात राहणार, रंग सोडणार, खाणं सोडणार. आज बसताहेत कुंडीच्या तोंडाशी, पंधरा दिवसांनी बघ.

झेब्रे काढ. शिलाईवाल्या बाईंना दे, पोरं खूष होतील. आणि मासे असोत की माणसं, घाबरलेल्या जिवाला एकच औषध, शांतता. दार लावून घे. त्या पोरांना सध्या येऊ देऊ नकोस. टाइपरायटर त्या खोलीतून स्वयंपाकघरात ने, त्याची खटखट काचेला जाणवते. दिवा मंद ठेव. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लाव. बिट्टीलाही कुणी काही विचारू नका. मी लेथवर काम करणारा माणूस, एकदा कारण सापडलं की माप आपोआप बसतं.

अर्जाचं वाचून मी रात्रपाळीत दोन नग बिघडवले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला एकटं टाकून मला निघता येत नाही, नाहीतर पहिल्या गाडीनं आलो असतो. त्याला एवढं कळव की बिट्टीचा मामा जिवंत आहे.

रागावलो असलो तरी मन लावून रागावलो आहे, हे लक्षात असू दे.
तुझा
दादा

२६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. झेब्रे बादलीतून वर गेले. शिलाईवाल्या बाईंनी ते लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवलेत, तू ऐकून बेशुद्ध पडशील. काळा कागद लावला. टाइपरायटर ओट्यावर नेला, मी आता उभ्यानं टाइप करते. घरात इतकी शांतता आहे की नळाचा थेंब ऐकू येतो.

आणि दादा, मासे दिसेनासे झाले.

पहिल्या दिवशी वाटलं नव्या व्यवस्थेला बुजले असतील. पण आता ते कुंडीतून बाहेरच येत नाहीत. मी टॉर्च लावून पाहिलं. मादीचा डाळिंबी रंग गेला, धुतलेल्या चिंधीसारखी दिसते. टाकलेलं खाणं तळाशी तसंच राहतं, मी सकाळी नळीनं ओढून काढते.

बिट्टी टाकीच्या टेबलाखाली राहायला गेली. राहायला म्हणजे अक्षरशः. उशी घेऊन. जेवणाची थाळी मी खाली सरकवते. काल माझ्या कानात म्हणाली, त्यांना कळलंय. मी विचारलं, काय कळलंय? तर म्हणे, कुणीतरी येणार आहे.

खरंच येणार आहे. कोर्टाचा कागद आला. वीस मार्चला दुपारी एक साहेब घर बघायला येणार. मुलगी आईकडे नीट आहे का, बोलते का, खाते का, घाबरते का, ते लिहून नेणार आणि त्यावर ठरणार. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि ही भिंतीला चिकटून बसलेली दिसली, तर काय लिहितील? बापाचं म्हणणं खरं आहे असंच लिहितील ना? मग ती त्या काचेच्या आत परत जाणार. मला झोप येत नाही. काही तरी सुचव.

घाबरलेली
ठकू

२ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद. घाबरू नकोस म्हणत नाही, मीही घाबरलो आहे. पण घाबरलेल्या माणसानंही एकेक गोष्ट क्रमानंच तपासावी.

पाणी: थर्मामीटर पंचवीसवर आहे का? असणार, हीटर मी स्वतः तपासून दिला आहे. आठवड्याला चौथाई पाणी बदलतेस का? नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घालतेस का? पाण्याला उग्र वास येतो का? माशांच्या अंगावर पांढरे ठिपके, चिकटा, फाटके पर? यातलं काही असेल तर तेवढं लिही.

नसेल, तर मग आजार नाही. भांडण म्हणावं तर दुसरा मासाच नाही. आवाज म्हणावा तर तू बंद केलास. उजेड कमी केलास. ठकू, मी रात्री उठून हा हिशोब पुन्हा पुन्हा करतो आणि उत्तर शून्य येतं. भिण्यासारखं पाण्यात काही उरलेलं नाही, तरी ते भितात. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही.

तोवर शांतता आणखी वाढव. पायात चप्पल घालू नकोस. मी माझ्या क्रिबेन्सिसच्या टाकीसमोर बसून राहणार आहे, काही दिसलं तर लगेच लिहीन.

आईला सांगावं लागलं. ती म्हणाली, पोरीला गप्प बसवून बोलकी कशी करणार रे तुम्ही? मी म्हटलं, तुला माशांतलं काय कळतं. ती म्हणाली, मी माशांचं बोलतच नाहीये.

तुझा, आणि टेबलाखालच्या बाईसाहेबांचा
दादा

७ मार्च

दादा,
मायना लिहीत नाही, आधी हे वाच.

काल दिवेलागणीला काचेवर आवाज झाला. टक टक टक. खिडकीच्या काचेवर, टाकीच्या बरोबर वर. मी ओट्यापाशी होते. हातातला कागद तसाच राहिला. दिवा मंद, घर गप्प, बाहेरून बघणाऱ्याला आत कुणी आहे की नाही तेही कळलं नसतं. मी जमिनीवर बसले आणि सरकत सरकत टेबलाखाली गेले. बिट्टीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. माझ्या डोक्यावर ती टाकी, त्यात ते दोघं कुंडीत, खाली आम्ही दोघी. कोण कुणाला बघून घाबरलं होतं कुणास ठाऊक.

पुन्हा आवाज झाला. मग वरून शिलाईवाल्या बाईंचा आवाज आला. गॅलरीतून त्या ओरडल्या, कोण रे तो, बाईमाणसाच्या खिडकीत काय करतोस, थांब, खालीच येते. मागोमाग ती तिन्ही पोरं जिन्यावरून धाडधाड उतरली, किंचाळत, हसत. पावलं दूर गेली. मोठा पोरगा नंतर दाराच्या फटीतून म्हणाला, काकू, अंगठीवाला माणूस होता, पळाला, आमच्या आईला सगळे घाबरतात.

मी दार उघडलं नाही. तू म्हणालास म्हणून नाही, उठताच येईना म्हणून. पण दादा, एक सांगते. ती पोरं जिन्यावर ओरडत होती ना, तेव्हा बिट्टीचे तोंडावरचे हात खाली आले. त्यांचा आवाज थांबला तसे परत वर गेले.

पोलिसांत कळवून आले. वीस तारीख जवळ येतेय.

ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. पत्र नीट बसून वाच, आणि वाचून लगेच कामाला लाग.

माझ्या क्रिबेन्सिसच्या टाकीत वर आठ झेब्रे आहेत. हो, आहेत. तुला कधी सांगितलं नाही, कारण दुसरीकडे जागा नव्हती म्हणून टाकले होते आणि ते माझ्या नियमात बसत नव्हते. तुझं पत्र आलं त्या दिवशी वाटलं, निदान माझी जोडी तरी नियमानं ठेवू. जाळीनं आठही झेब्रे काढले आणि समोर बसलो. माझा चहा संपायच्या आत दोघं दगडामागे गेले. नर एकदा तोंड बाहेर काढून वर बघून गेला. वर रिकामं पाणी. पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी मादी फिकी.

मी झेब्रे परत सोडले. दगडामागून आधी डोळा आला, मग डोकं, मग अख्खी बाई बाहेर, पोट पुढे काढून.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तळाशी राहणाऱ्या बुजऱ्या माशाला वरचं काही दिसत नाही. बगळा आला, हात आला, की सावली पडली, त्याला काय कळणार? तो वरच्यांकडे बघतो. वरची मंडळी आरामात हुंदडत असतील तर बाहेर धोका नाही. वर कुणीच नसेल तर सगळे खाल्ले गेले, आता आपली पाळी. मी सांगितलेली शांतता म्हणजे त्यांच्या लेखी तेच होतं. धोका काढला असं मला वाटलं, मी खबर देणारे काढले. पुस्तकात हे कुठं तरी असणारच. मी वाचलेलं नव्हतं. एवढ्यावर थांबतो, आईनं ऐकलं तर महिनाभर पुरवेल.

तर, झेब्रे परत आण. काळा कागद काढ. दिवा मोठा कर. टाइपरायटर जागेवर ने, तुझ्या पाठीचं तरी बरं होईल. आणि ती बरणी तू जाऊन आणू नकोस. जड असते, पाणी सांडतं. त्या पोरांनाच खाली घेऊन येऊ दे. मासे नव्या पाण्यात सोडायचं काम घाईचं नाही; बरणीत टाकीचं पाणी थोडं थोडं घालत बसावं लागतं, तासभर मोडतो. तेवढा वेळ ती पोरं तिथे बसतील. बोलतील. त्यांना गप्प बसा म्हणू नकोस.

आणि शिलाईवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. बरणीबद्दल मी काही बोलणार नाही.

वीस तारखेला मी दिवसभर कारखान्यात असेन, पण हात मशीनवर असले तरी मन तिथे नसेल. नग बिघडले तर तुझ्या नावावर.

तुझा
दादा

२१ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. आईला सांग, ती बरोबर होती, आणि तू दुसऱ्या नंबरानं बरोबर होतास.

क्रमानं सांगते, तुला तसंच आवडतं. पोरं बरणी घेऊन आली तेव्हा बिट्टी टेबलाखालीच होती. मी म्हटलं, मामानं पाणी थोडं थोडं घालायला सांगितलंय. त्यांनी भांडून पाळ्या लावल्या. धाकटीनं एकदम अख्खा पेला ओतायला घेतला, तर टेबलाखालून एक हात बाहेर आला आणि पेला धरला. पाचव्या पेल्याला बिट्टी बाहेर बसलेली होती. झेब्रे सुटले, वर शर्यती सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीच्या तोंडाशी नराचं नाक. तिसऱ्या दिवशी मादी. पोरं रोज येऊ लागली. घरात नुसता बाजार भरतो. बिट्टी त्यांच्याशी बोलायची नाही, पण त्यांच्यात बसायची.

मग कालचा दिवस. साहेब आले. उंच, बूट घातलेले, हातात फाइल, खिशाला पेन. बेल वाजली आणि बिट्टी टेबलाखाली. पोरं शाळेत, घरात आम्ही तिघंच. साहेबांनी खोली पाहिली, ओटा पाहिला, गादी पाहिली, मुलगी कुठे आहे विचारलं. मी टेबलाकडे बोट दाखवलं, खोटं काय बोलणार. त्यांनी वाकून पाहिलं. नाव विचारलं, उत्तर नाही. शाळा विचारली, उत्तर नाही. इथे भीती वाटते का विचारलं. ती भिंतीला चिकटलेली. त्यांनी फाइल उघडून काही तरी लिहिलं. दादा, पेनाचा तो खरखर आवाज मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं, संपलं.

ते उठले. उठता उठता टाकीकडे लक्ष गेलं. माणूस वाईट नसावा, मासे पाहून जरा हसला. मादी पुढेच होती. आणि त्यांनी पेनाच्या टोकानं काचेवर मारलं. टक टक टक.

मादी विजेसारखी कुंडीत. मी डोळे मिटले.

खालून आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण मोठा. मी तो ओळखलाच नाही. बिट्टी टेबलाखालून बाहेर आली होती, साहेबांच्या आणि टाकीच्या मध्ये उभी होती, आणि त्यांना म्हणत होती की काचेवर मारायचं नाही. काचेवर मारलं की त्यांना वाटतं कुणीतरी आलं.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. फाइलही मिटली. मग ते आपल्या बुटांसकट जमिनीवर बसले आणि हळूच विचारलं, त्यांना काय वाटतं, कोण आलं? तिनं बोट वर नेलं, काचेला न लावता, आणि त्यांना झेब्रे दाखवले. म्हणाली, हे घाबरले नाहीत ना, मग ती येईल परत. तुम्ही थांबा.

ते थांबले. ती त्यांच्या शेजारी बसली. दोघं त्या कुंडीच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी दोघांच्या पाठीकडे. फार वेळ काही झालं नाही. वर झेब्रे आपले इकडून तिकडे. मग आधी डोळा आला. मग डोकं. मग अख्खी बाहेर, डाळिंबी.

त्यानंतर बिट्टीनं साहेबांना सगळं शिकवलं. फायटर एकटा का, एंजल का नको, सकर केवढा होतो. तुझी वाक्यं, तुझ्याच थाटात; तुझी पत्रं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवत होते ना. जाताना साहेब दारात मला म्हणाले, कोर्टात शेवटचं सांगणं न्यायाधीशांचं असतं, पण मी माझ्याकडून मुलगी इथेच राहावी असं लिहितोय, आणि खिडकीत येणाऱ्या माणसाबद्दलही लिहितोय. मी दार लावलं आणि तिथेच बसून रडले. भीती गेली नाही रे. दिवेलागणीला अजून कान खिडकीशीच असतात. पण तेव्हा मी टाकीत वर बघते.

माया पातळ करू नकोस, पाणी बदललं तरी.
तुझी
ठकू

ता. क. फोनची तार जोडली आहे. रविवारी दुपारी वाजव. एकदा वाजवून ठेव आणि पुन्हा वाजव, म्हणजे तू आहेस हे कळेल. मी उचलणार नाही. बिट्टी उचलते म्हणाली आहे.